‘ऐकत नाही’ म्हणजे नेमकं काय?

धाकटी आता सहा वर्षांची आहे आणि दिवसभर तोंड बंद नसतं. पण तीन वर्षांची होईपर्यंत ती तुटक दोन शब्दांपलीकडे गेली नव्हती आणि त्याचं मूळ सारख्या फुटणाऱ्या कानांत होतं, हे कळलं की लहान मुलांच्या आया मला हमखास विचारतात, ‘कान फुटण्याचा आणि बोलण्याचा काय संबंध? कान तर सगळ्याच पोरांचे फुटतात.’ तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा कान फुटला तेव्हा ती ९ महिन्यांची होती. रात्रभर रडली, पहाटे अभ्र्यावर पिवळा डाग दिसला आणि रडं थांबलं. पुढे दर सर्दीला हेच. औषध दिलं की ताप उतरायचा, कान वाहायचा थांबायचा, आणि आम्ही निर्धास्त व्हायचो. तिथेच चुकलो.

संसर्ग गेला तरी कानाच्या पडद्याआड पाणी राहू शकतं. मधल्या कानात खरं तर हवा हवी. ती नाकाच्या मागून एका बारीक नळीतून येते. लहान मुलांत ही नळी आखूड, अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दीने पटकन बुजते. आत साचलेलं पाणी हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. हातोडी, ऐरण, रिकीब ही शाळेत पाठ केलेली हाडं त्या डिंकात हलणार कशी? ना ताप, ना ठणका. बाहेरून काही दिसत नाही.

असं मूल बहिरं नसतं, त्याला धूसर ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की वळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पाठीमागून मारलेल्या हाकेला मात्र ओ देत नाही. आमच्या घरात याला एकच शब्द होता, ‘ऐकत नाही’. कानावर न पडणं आणि सांगितलेलं न करणं, दोन्ही आपण एकाच शब्दात कोंबतो. त्यापायी तिने धपाटे खाल्लेत. ते मला आजही सलतं.

आणि आपली भाषा बघा. ‘बाबाला’, ‘बाबाने’, ‘बाबाचा’. सगळा अर्थ शेवटच्या हलक्या अक्षरात. ‘स’, ‘श’, ‘फ’ तर नुसता वारा. तिच्यापर्यंत ‘बाबा’ तेवढं पोचायचं. ती ‘बाबा पाणी’ म्हणायची आणि पाणी बाबाला द्यायचंय की बाबाकडून हवंय, हे आम्ही तिच्या हातवाऱ्यांवरून ओळखायचो. जे अक्षर कधी नीट ऐकलंच नाही, ते तोंडात येणार कुठून?

हे ओळखलं अंगणवाडीच्या ताईंनी. म्हणाल्या, ‘पोरगी गाणं ऐकून हात करत नाही, शेजारच्या मुलीचे हात बघून करते.’

कानाच्या डॉक्टरांकडे टिंपॅनोमेट्री झाली, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची तपासणी. कानात मऊ बोंडी धरतात, काही सेकंदांचं काम. निरोगी कानाचा आलेख टेकडीसारखा वर चढून उतरतो. तिचा दोन्ही कानांचा सपाट. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची चाचणी, खेळातून. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. ठोकळा मुठीत धरून ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. अखेर ठोकळा पडला तो ३५ डेसिबलला. कुजबुज साधारण ३० डेसिबलची असते.

डॉक्टर म्हणाले, ३ महिने वाट पाहू, बहुतेक मुलांचं पाणी तेवढ्यात आपोआप ओसरतं. तिचं ओसरलं नाही. नाकामागची ॲडेनॉइडची गाठही वाढली होती, त्यामुळेच ती घोरायची. ती गाठ काढली आणि पडद्यांत ग्रोमेट बसवले, आत हवा जावी म्हणून मोहरीएवढ्या पोकळ नळ्या. पुढे १० महिन्यांनी त्या आपोआप गळून पडल्या.

ऑपरेशन होऊन घरी आलो त्या संध्याकाळी तिने मोरीकडे बोट दाखवलं. ‘कोण?’ कुणीच नव्हतं. नळ ठिबकत होता.

बोलणं लगेच आलं नाही. वर्षभर स्पीच थेरपी, घरी टीव्ही बंद, तिच्यासमोर बसून बोलणं, एकेक शब्द शेवटापर्यंत म्हणणं. तुम्हाला घाबरवायचं नाही. बहुतेक मुलं पाणी ओसरल्यावर भरून काढतात. दोन्ही कानांत ते महिनोन्‌महिने राहिलं, किंवा टाळू दुभंगलेली असेल, डाउन सिंड्रोम असेल, तर मात्र थांबू नका. आणि हात जोडून सांगते, वाहत्या कानात कोमट तेल, लसणीचं तेल काही घालू नका. माझ्या सासूबाईंनी मायेनेच घातलं होतं. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका, घरात विडी-सिगारेट नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तपासणी फुकट असते. तिथे आपण वजन, जंत, खोकला सगळं सांगतो. पोर मागून मारलेल्या हाकेला वळत नाही, हेही त्यांना सांगा.