तुम्ही विचारलंत म्हणून: हैदराबादला का नाही गेलात?

लिफ्टमध्ये विचारता, हळदीकुंकवाला विचारता. परवा तर दातांचे डॉक्टर माझ्या तोंडात आरसा घालून विचारत होते. "अकरा वर्षांची नोकरी, कंपनी स्वतःहून नेत होती, आणि तुम्ही गेला नाहीत?" मी आ वासलेलीच. मग उत्तरही त्यांनीच दिलं, "बरोबर आहे म्हणा, पुणं कोणाला सोडवतंय!"

आधी हे पुण्याचं मिटवू. मी उदगीरची. आजोबांच्या वेळी आमचं उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि बीदर निजामाकडे. आजोबांची शाळा उर्दूतून झाली. "हैदराबादला जाऊन येतो" हे ते मरेपर्यंत बाजारला जाऊन येतो अशा सुरात म्हणायचे. आमच्या गावाला हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. बदलीचं कळल्यावर माझी आई फोनवर म्हणाली, "बरं झालं की, आता सणावाराला येशील तरी." तेव्हा पुण्याच्या प्रेमाखातर मी राहिले, हे कृपा करून म्हणू नका.

दुसरं, हिंजवडीचं ट्रॅफिक. हेही तुम्हीच सांगता, की रस्त्यांमुळे कंपन्या चालल्या. 2025 च्या जुलैत अजित पवार पाहणीला आले तेव्हा आयटी पार्क बेंगळुरू-हैदराबादला चाललंय असं तेही चिडून म्हणाले होते, तो व्हिडिओ तुम्हीच मला चार ग्रुपवर पाठवलात. असतील काही गेल्या. भूमकर चौकात मी आयुष्याची किती वर्षं घालवली ते मला विचारू नका. 2018 च्या डिसेंबरात भूमिपूजन झालेल्या मेट्रोचे खांब मी 2023 मध्येही रोज मोजत होते. पण आमच्या कंपनीने रस्त्याचा र सुद्धा काढला नाही. तिचं मोठं ऑफिस हैदराबादेत गच्चीबावलीला होतं, तिथे तीन मजले रिकामे पडले होते. दोन शहरांत दोन भाडी कशाला, असा सरळ हिशेब. फेब्रुवारी 2023 मध्ये टाउन हॉलला, म्हणजे कंपनीच्या सगळ्यांच्या बैठकीत, एका स्लाइडवर आटपलं, पुढची स्लाइड बक्षिसांची होती.

"मग भरपाई तरी मागायचीत!" कशाची? 2012 च्या नेमणूकपत्रात भारतात कुठेही बदली होईल असं कलम होतं. पान न उलटता सही केली होती. बदली नको म्हटलं की उरतो राजीनामा, आणि राजीनामा दिला की तुम्हाला कोणी काढलेलंच नसतं. कपात झाली तर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा असं औद्योगिक विवाद कायद्यात होतं, पण ते 'कामगारा'ला. माझ्या कार्डावर मॅनेजर. अधिकार काय, तर रजा मंजूर करायच्या. ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली, ती द्यावीच लागते.

तर सासरे. इथे तुमचे डोळे भरून येतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास, त्यांना टाकून कशी जाणार. "सून असावी तर अशी," असं नणंदेने चारचौघांत म्हटलं आणि मी मान खाली घालून चहा गाळत राहिले. खोटं नाही ते. पण फेब्रुवारीत मी 'हो' लिहिलं तेव्हाही डायलिसिस चालूच होतं.

हो, लिहिलं होतं. तेच सांगायचंय.

एचआरने आम्हा लीड लोकांना आधी बोलावलं. प्रत्येकाला एक एक्सेल शीट दिली. टीममधल्यांची नावं, आणि पुढे तीन पर्याय: यस, नो, मेबी. यस हिरवा, नो लाल, मेबी पिवळा. शुक्रवारी सहापर्यंत पिवळं काही राहता कामा नये, असा प्रेमळ निरोप. माझ्या टीममध्ये अकरा जण, बाराव्या ओळीत मी. मी स्वतःचा चौकोन पहिल्याच दिवशी हिरवा केला. लीडनेच कच खाल्ली तर बाकीचे कशाला तयार होतील, असा विचार होता. थोडी हौसही होती, नाही कशाला म्हणू.

गुरुवारपर्यंत एकच पिवळा उरला. संगमनेरचा मुलगा, टीममध्ये सगळ्यात धाकटा. घरी आठ महिन्यांची मुलगी, बायको मारुंजीत एका बालवाडीत शिकवायची. त्याला घेऊन मी फेज टूच्या टपरीवर गेले. त्याने मला पॅकेजबद्दल एक शब्द विचारला नाही. पंधरा दिवस गेस्ट हाउस, सामान हलवायचा खर्च, वर्षाच्या आत सोडलं तर बोनस परत, सगळं त्याला पाठ होतं. तो चहाचा ग्लास दोन बोटांनी फिरवत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही जाणार ना नक्की?"

मी म्हटलं, "मग काय तर!"

"मग झालं. तुम्ही असलात की बायकोला सांगता येईल."

वर येऊन त्याचा चौकोन मी माझ्या हाताने हिरवा केला. तो शेजारीच उभा होता. सहा वाजायला अजून एक अख्खा दिवस होता, आणि मला वाटलं, चला, आटपलं एकदाचं.

आता यात मी खोटं बोलले का? त्या क्षणी नाही. हे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलंय. त्या वेळची मी असती तर म्हणाली असती, टीम वाचवली, लाल केलं असतं तर त्या पोराची नोकरी गेली असती. तिचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण 'नक्की' हा शब्द त्याचा होता आणि त्यावर 'मग काय तर' माझं.

एप्रिलमध्ये कंपनीने आम्हाला दोन दिवस घरं बघायला नेलं. हैदराबाद वाईट निघालं असतं तर किती सोपं झालं असतं! कोंडापूरला तिसऱ्या मजल्यावरचं घर बघितलं, समोर कडुनिंब, ऑफिस वीस मिनिटांवर. शाळेत तेलुगूचं विचारलं. तिकडे 2018 च्या कायद्याने ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालंय, आणि माझा मुलगा आठवीत जाणार होता. पण तक्रार कोणत्या तोंडाने करू? आपल्याकडे 2020 मध्ये मराठी सक्तीची झाली तेव्हा सोसायटीत भांडून समर्थन करणारी मीच.

घरी आले तर सगळ्यांनी आपापलं ठरवून ठेवलेलं. नवऱ्याची नोकरी चाकणला, तो इथेच राहणार आणि महिन्यातून दोनदा येणार. मुलगा म्हणाला, तुझ्याबरोबर आलो तरी चालेल, राहिलो तरी चालेल. सासऱ्यांनी मला मोबाइल दाखवला. त्यांनी एकट्याने ओला बोलवायला शिकून घेतलं होतं, मंगळवारी डायलिसिसला स्वतःच जाऊन आले होते. "हे बघ, चार आकडी नंबर त्याला सांगायचा, बस. तू निर्धास्त जा."

मी कौतुक केलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

'जाऊ नको' असं एकानेही म्हटलं नाही. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं, मग मी ऐटीत गेले असते. माझ्यावाचून घर चालणार नाही या समजुतीवर मी वीस वर्षं पहाटे पाचला उठत होते, आणि त्यांनी तीन आठवड्यांत वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. दहा दिवसांनी मी राजीनामा दिला. कारणात लिहिलं, 'घरगुती जबाबदारी'. सासऱ्यांना ओलाने दुसऱ्यांदा जाऊ दिलं नाही, मीच सोडायला जाऊ लागले. सासरे गाडीत गप्प बसायचे.

हे कारण म्हणून सांगण्यासारखं आहे का? म्हणून सासऱ्यांचं सांगते.

संगमनेरच्या मुलाला मी लगेच कळवलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, करत राहिले. शेवटी त्याचाच फोन आला. मियापूरला घर बघत होता, दोन महिन्यांचं डिपॉझिट देऊन टाकलं होतं. "मॅडम, तुम्ही कुठल्या बाजूला घेताय? त्याच बाजूला शाळा बघतो, पुढे उपयोगी पडेल." तेव्हा सांगितलं. फोनमध्ये बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "बरं मॅडम." मग म्हणाला, "दूध वर आलंय, ठेवतो."

त्याचं वाईट झालं असतं तर मला निदान अपराधी वाटून घेता आलं असतं. झालं उलटंच. तो आता लीड आहे. मुलगी तेलुगूत भांडते म्हणे. मी बाणेरला एका लहान कंपनीत, आधीपेक्षा कमी पगारावर. सासरे गेल्या वर्षी गेले. त्यानंतर तर तुमचा प्रश्न जास्तच येतो, "आता काय अडचण होती?" या सुरात.

एवढ्या सगळ्यांत त्याने मात्र कधी विचारलं नाही. दिवाळीला फराळाचा फोटो पाठवतो, तेवढंच. आणि या महिन्यात एक मेसेज आला: आमच्याकडे टेस्टिंगला एक जागा निघतेय, मॅडम, महिन्यातून एक आठवडा हैदराबाद, बाकी घरून. सीव्ही देऊ का पुढे?

मी वाचलाय हे त्याला दिसलं असणार, टिका निळ्या झाल्यात. आज अकरावा दिवस.