जुन्या पिस्तुलाची कळ उघडून पाहावी

इंग्लंडमध्ये वास्तव्य असल्यामुळे मला चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी, जुनी पिस्तुले जमवण्याचा छंद जोपासता आला. शोभेची किंवा संग्रहाची वस्तू म्हणून अशी पिस्तुले बाळगायला येथे परवाना लागत नाही, त्यामुळे लिलावांत ती बऱ्याचदा दिसतात. अवघड असते ते खरेदीपूर्वी त्यांची पारख करणे. माझे ठाम मत असे की, नळीवर कोरलेल्या नावावर विसंबू नये. विक्रेत्याची परवानगी घेऊन कळ, म्हणजे पिस्तुलाच्या बाजूच्या पट्टीवर बसवलेली बार उडवणारी यंत्रणा, सोडवावी आणि तिची आतली बाजू पाहावी.

त्याआधी नळी रिकामी असल्याची खात्री हवी. लाकडी काडी नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि मग तीच काडी नळीला बाहेरून लावून पाहावी. तिचे टोक कानाच्या, म्हणजे नळीच्या मागच्या भागातील ठिणगी आत जाण्याच्या छिद्राच्या, अलीकडेच थांबत असेल, तर आत जुना बार (दारू आणि गोळी) असू शकतो; असे पिस्तूल जाणकाराच्या हाती द्यावे.

नळीच्या मागच्या भागावरचे चाचणीचे ठसे, म्हणजे नळीची मजबुती तपासल्यावर उमटवलेल्या खुणा, फार बोलके असतात. लंडनच्या चाचणीचे ठसे म्हणजे मुकुटाखाली ‘व्ही’ आणि मुकुटाखाली ‘जीपी’. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 साली कायद्याने स्थापन झाले आणि त्याच्या ठशात मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड व ‘बी’, ‘पी’, ‘सी’ ही अक्षरे आली. नळीवर ठसठशीत ‘लंडन’ कोरलेले आणि ठसे मात्र बर्मिंगहॅमचे, अशी पिस्तुले पुष्कळ आढळतात, कारण राजधानीच्या नावाला बाजारात किंमत होती.

खरी मेख पुढे आहे. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने 1807 साली आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि त्यानंतरच्या काही दशकांत असंख्य चकमकी पिस्तुले टोपीची, म्हणजे अशी दारू भरलेल्या धातूच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून उडणारी, करून घेतली गेली. रंजकाची (ठिणगीने आधी पेटणाऱ्या दारूची) वाटी कापली, गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी झडप आणि तिची कमान काढून टाकली, स्क्रूची भोके बुजवली आणि घोडा बदलला. आज चकमकीच्या पिस्तुलाला जास्त भाव मिळतो, म्हणून काही जण हाच प्रवास उलटा घडवून ते ‘मूळ’ म्हणून विकतात. ही मला उघड फसवणूक वाटते, कारण टोपीचे झालेले पिस्तूल हाही इतिहासाचा अस्सल पुरावाच असतो. बुजवलेल्या भोकांची फिकट वर्तुळे कळीच्या पट्टीच्या आतल्या बाजूस तिरप्या उजेडात दिसतात. कानाभोवतीचे लोखंड दारूच्या जळण्याने खड्डे पडून खडबडीत झालेले आणि शेजारची वाटी मात्र गुळगुळीत असेल, तर ती वाटी नंतर बसवलेली असण्याची दाट शक्यता असते.

मराठी माणूस म्हणून मला ईस्ट इंडिया कंपनीच्या पिस्तुलांचे विशेष आकर्षण आहे. जुन्या नगांवर चार भागांत विभागलेल्या बदामात ‘व्ही’, ‘ई’, ‘आय’, ‘सी’ ही अक्षरे असतात, तर 1808 पासून पुढच्या नगांवर पुढच्या पंजांत मुकुट धरून उभा असलेला सिंह दिसतो. म्हणजे 1803 सालच्या असईच्या लढाईशी जोडून विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या पिस्तुलावर मूळचाच सिंह असेल, तर ती कथा तिथेच निकालात निघते.