वीस आणि चोवीस

जुलैतला पाऊस, सकाळी पावणेनऊची वेळ. आमची एक मिडी बस (मध्यम लांबीची) उतारावरून थांब्याकडे येत होती. पुढची रिक्षा एकदम थांबली, चालकाने ब्रेक जोरात दाबला आणि गाडी डावीकडे खेचली जाऊन पुढचं चाक फुटपाथवर चढलं. पावसामुळे माणसं शेडच्या आत उभी होती, म्हणून कोणाला लागलं नाही. ब्रेकबद्दल शंका असलेली गाडी चालवत आणायची नसते. ती ओढून वर्कशॉपला आणली.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान महापालिकेची ही परिवहन सेवा. गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घेण्याआधी मी तिची जॉबकार्डं (दुरुस्तीच्या नोंदी) काढली. दोन महिन्यांत एकच तक्रार तीनदा लिहिलेली होती: ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते. पहिल्या वेळी टायरची हवा सारखी केली होती. दुसऱ्या वेळी स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधली ढिलाई काढणारे भाग) जुळवून घेतले. तिसऱ्या वेळी पुढच्या डाव्या चाकाचे लाइनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे पट्टे) बदलले, कारण ते उजव्यापेक्षा जास्त झिजले होते. प्रत्येक कार्डाच्या शेवटी ‘चाचणी घेतली, ठीक’ असा शेरा होता. तिसऱ्या कार्डात खरं म्हणजे उत्तरच लिहून ठेवलेलं होतं. एकाच ॲक्सलवर डावा लाइनर उजव्याच्या आधी संपतो याचा अर्थ डावं चाक जास्त काम करतंय. नवे लाइनर घालून आम्ही तो पुरावा पुसून टाकला होता.

चालकाला विचारलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हळू दाबला तर सरळच थांबती. जोरात दाबला की खेचती. जितका जोर तितकी ओढ.”

हे शेवटचं वाक्य फार मोलाचं होतं, कारण बस ब्रेकवर एका बाजूला ओढते याची कारणं डझनभर असली तरी प्रत्येकाची खूण वेगळी असते. टायरमधली हवा कमी-जास्त असेल तर ब्रेक न दाबताही स्टिअरिंग ओढतं. हबसील गळून लाइनरला ग्रीस लागलं असेल तर अगदी हलक्या ब्रेकलाही गाडी कोरड्या चाकाकडे जाते, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसतात. आमचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; ती हवा नेणारी रबरी नळी, म्हणजे एअर होज, आतून फुगलेला असेल तर त्या चाकाला हवा उशिरा पोचते: गाडी आधी दुसरीकडे झुकते, मग सरळ होते, आणि ब्रेक सोडल्यावर होजवालं चाक धरून राहतं. स्लॅक ॲडजस्टर सैल असेल तर पुश रॉडचा स्ट्रोक, म्हणजे ब्रेक दाबल्यावर तो किती पुढे सरकतो ते, मोजल्यावर कळतं. ओढ मात्र दाबाच्या प्रमाणात वाढत असेल, तर हवा दोन्हीकडे पोचते आहे आणि तिचा जोर वेगळा पडतो आहे असं समजावं.

तरी क्रम सोडला नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावले, इंजिन चालू करून हवेच्या टाक्या भरल्या. पुढच्या दोन्ही चेंबरच्या (हवेचा जोर चाकाच्या ब्रेकला देणाऱ्या डब्यांच्या) तोंडाशी टेस्ट गेज जोडून ब्रेक दाबला. दोन्हीकडे काटा एकाच वेळी उठला आणि 5 किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) थांबला. म्हणजे ब्रेक व्हॉल्व्ह, पाइप, होज संशयातून सुटले. पुश रॉडवर खडूची खूण करून स्ट्रोक मोजला, तो दोन्हीकडे 30 मिलिमीटरच्या आसपास. या आकाराच्या चेंबरला 44 मिलिमीटरपर्यंत चालतो, त्यामुळे तिथेही खोट नव्हती. ड्रम उतरवले. ग्रीस नाही, तडा नाही, दोन्हींचा आतला व्यास सारखा. एस-कॅमचे बुश ठीक. स्लॅक ॲडजस्टरचे दांडे मोजले, लांबी एकच.

उरला चेंबर. पासिंगच्या आधी खालचा सगळा भाग काळ्या रंगाने फवारतात. त्या रंगाच्या थराखाली आणि चिखलाखाली दोन्ही चेंबर जुळ्या भावांसारखे दिसत होते. तारेच्या ब्रशने घासल्यावर उजव्यावर 20 हा आकडा वर आला. डाव्यावर 24.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंबर म्हणजे पत्र्याच्या दोन वाट्या, मध्ये रबरी डायफ्राम, बाहेरून क्लॅम्पची कडी. हवा डायफ्राम ढकलते, डायफ्राम पुश रॉड ढकलतो, रॉड स्लॅक ॲडजस्टर फिरवतो आणि एस-कॅम लाइनर ड्रमवर दाबतो. अंगावरचा आकडा म्हणजे डायफ्रामचं काम करणारं क्षेत्रफळ, चौरस इंचांत. 20 म्हणजे साधारण 129 चौरस सेंटिमीटर, 24 म्हणजे 155. एक किलोच्या हलक्या ब्रेकला उजवीकडे 129 किलोचा जोर आणि डावीकडे 155 चा. फरक 26 किलोचा, तो स्टिअरिंगला जाणवतही नाही. पाच किलोच्या जोरदार ब्रेकला 645 आणि 775. आता फरक 130 किलो, आणि स्लॅक ॲडजस्टरच्या दांड्यातून, कॅममधून तो पुढे चाकापर्यंत जातो. वर ओला रस्ता आणि उतार. आमची चाचणी वर्कशॉपच्या आवारात, ताशी पंधरा-वीसच्या वेगाने, हलक्या ब्रेकने होत होती. तिथे ही गाडी कायमच ‘ठीक’ ठरली असती.

चुकीचा चेंबर बसला कसा, हे जास्त महत्त्वाचं. 20 आणि 24 या दोन्हींचे स्टड एकाच अंतरावर असतात, सुमारे 120 मिलिमीटर. ब्रॅकेटमध्ये दोन्ही सारख्याच सहजतेने बसतात. क्लॅम्पच्या बाहेरच्या व्यासात फरक आहे: 20 चा साधारण 172 मिलिमीटर, 24 चा 183. अकरा मिलिमीटर. रात्री बॅटरीच्या उजेडात, गाडीखाली उताणं पडून हा फरक कोणाला दिसणार?

खरं कारण ताफ्याच्या इतिहासात आहे. लहान परिवहन सेवा दरवर्षी चार गाड्या अशा हिशेबाने वाढत नाही. पैसे आले की एक लॉट येतो, मग कित्येक वर्षं काही नाही. आमच्याकडचा सगळ्यात जुना लॉट पुढे इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांचा: ट्रकच्या धर्तीची चॅसिस, त्यावर बांधून घेतलेली बॉडी, आत चढायला उंच पायऱ्या. मग जेएनएनयूआरएम, म्हणजे केंद्राची शहरांसाठीची विकास योजना, आली. 2009 पासून त्या योजनेतून बससाठीही निधी मिळू लागला, आणि त्यातल्या गाड्या वेगळ्याच जातीच्या: मागे इंजिन, 650 मिलिमीटर उंचीची सेमी लो-फ्लोअर, हवेवर चालणारे दरवाजे. गावठाणातल्या अरुंद रस्त्यांवर त्या वळत नाहीत म्हणून पुढे मिडी घेतल्या. तीन लॉट, तीन तऱ्हेचे ॲक्सल, तीन तऱ्हेचे ब्रेकचे भाग, आणि स्टोअर एकच.

1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि महापालिकांच्या 15 वर्षांपुढच्या वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. जुना लॉट त्यात गेला. भंगारात देण्याआधी आम्ही चालू स्थितीतले भाग काढून घेतले: स्टार्टर, अल्टरनेटर, कॉम्प्रेसर, चेंबर. पैशाची चणचण असलेल्या सेवेने हे करायलाच हवं. चूक पुढे झाली. स्टोअरच्या वहीत नोंद पडली ‘फ्रंट ब्रेक चेंबर, 6 नग’. कोणत्या लॉटचे, कोणत्या आकाराचे, काही नाही. मोठ्या गाडीला पुढे 24 होते, मिडीला 20 लागतात. मे महिन्यात एका रात्री या मिडीचा डावा डायफ्राम फाटला, पहाटेची पहिली फेरी तिचीच होती, आणि ड्युटीवरच्या फिटरने वहीत जे होतं ते मागून घेऊन लावलं. पहिली तक्रार त्यानंतर पाच दिवसांनी आहे. त्या फिटरला मी दोष देत नाही. त्याला जो भाग दिला, तो त्याने व्यवस्थित बसवला होता.

दुरुस्ती अशी केली. टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून हवा पूर्ण काढली. होज सोडले, पुश रॉड आणि स्लॅक ॲडजस्टर जोडणारी क्लेव्हिसची पिन काढली, दोन नट सोडून दोन्ही चेंबर उतरवले. फक्त डावा बदलून भागलं असतं, पण एका ॲक्सलवर एक जुना आणि एक नवा डायफ्राम नको म्हणून दोन्ही नवे, एकाच बनावटीचे 20 लावले. नव्या चेंबरचा पुश रॉड लांब येतो. ब्रेक लागलेल्या स्थितीत रॉड आणि दांडा काटकोनात येतील इतका तो कापावा लागतो. अंदाजाने कापला तर स्ट्रोक बिघडतो. लाइनरही दोन्ही चाकांचे बदलले. मग साबणाच्या पाण्याने जोड तपासले, स्लॅक ॲडजस्टर लाइनर टेकेपर्यंत फिरवून चाक मोकळं फिरेल इतका मागे घेतला. लाइनर बसण्यासाठी ताशी तीसच्या वेगावरून पंधरा-वीस वेळा ब्रेक मारले, मधे थंड होऊ देत. शेवटची चाचणी बायपासच्या मोकळ्या, कोरड्या पट्ट्यावर, ताशी चाळीसवरून पूर्ण दाबून. गाडी सरळ रेषेत थांबली. परत आल्यावर दोन्ही ड्रमवर पाण्याचे शिंतोडे मारले, दोन्हीकडे सारखेच चरचरले.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. भंगारातल्या गाडीचा पुढचा चेंबर क्लॅम्प खोलून उघडता येतो. मागचा, हँडब्रेकची स्प्रिंग असलेला, कधीही खोलू नये. आत दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. तो काढतानाही आधी केजिंग बोल्टने स्प्रिंग आवळून घ्यायची.

दुपारी बेंचवर पत्र्याचा एक गेज कापला, 178 मिलिमीटर तोंडाचा. 20 चा क्लॅम्प त्यातून जातो, 24 चा अडतो. रंग खरवडायची गरज नाही. संध्याकाळी गाड्या परतू लागल्या तशा सगळ्या मिडींची पुढची चाकं त्या गेजने तपासली. रात्री साडेनऊला एका गाडीवर तो अडला. तिचा 24 उजव्या बाजूला होता, म्हणजे जोरात ब्रेक मारला असता तर ती समोरून येणाऱ्या वाहनांकडे गेली असती. तिच्यावर एकही तक्रार लिहिलेली नव्हती. तिचे नेहमीचे चालक म्हणाले, “ही गाडी अशीच आहे साहेब. ब्रेक मारताना आम्ही स्टिअरिंग डावीकडं धरूनच ठेवतो.” तिची सकाळची फेरी दुसऱ्या गाडीला दिली आणि तिला पिटवर घेतलं.