तुम्ही विचारलंत म्हणून: काचबिंदूत डोळ्यातलं पाणी कमी करायच्या थेंबांनी डोळे कोरडे नाही का पडणार?

आईला काचबिंदू आहे आणि तिचे थेंब मीच टाकते, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो. आधी मलाही तीच भीती वाटायची.

पण हे पाणी अश्रूंचं नाहीच. हे डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या मागे सिलिअरी बॉडी म्हणून भाग असतो तिथे तयार होतं, मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलिटर, म्हणजे बाटलीतल्या एका थेंबाएवढं व्हायला पंधरा-वीस मिनिटं. ते बाहुलीतून पुढे येतं, भिंगाला आणि कॉर्नियाला पोसतं, कारण तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. आईची ती जाळी नीट निचरा करत नाही, म्हणून डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि मागच्या नसेला इजा होते. मोरी तुंबली की आपण आधी नळ बारीक करतो ना, तसंच.

आता नळ बारीक कसा होतो ते मला फार आवडतं. तिथल्या पेशींवर बीटा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, असतात, ॲड्रेनलिन येऊन त्यांना चिकटतं, स्वतः बाहेरच राहतं पण निरोप आत जातो, पेशीतलं जी-प्रोटीन नावाचं निरोप्या प्रथिन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो, मग सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट पलीकडे ढकलले जातात आणि क्षारांमागून पाणी जातंच. टिमोलॉल नावाचं थेंबांतलं औषध त्या रिसेप्टरवर ठाण मांडून बसतं, निरोप पोचतच नाही. ब्रिमोनिडिन हे दुसरं औषध अल्फा-2 या वेगळ्या रिसेप्टरवरून उलटा निरोप देतं, सायक्लिक एएमपी कमी करा म्हणून. डॉर्झोलामाइड हे तिसरं औषध निरोपाच्या वाटेला न जाता बायकार्बोनेट बनवणारं एन्झाइमच अडवतं. झोपेत तर ॲड्रेनलिनचा जोर ओसरतो आणि पाणी आपोआप निम्म्यावर येतं, त्यामुळे टिमोलॉलला रात्री अडवायला फारसं काही उरत नाही.

एक मात्र नीट ऐका. बीटा रिसेप्टर फुफ्फुसात आणि हृदयातही असतात, आणि थेंब नाकात उतरून तिथून रक्तात जातो, म्हणजे टिमोलॉल तिथलेही रिसेप्टर अडवू शकतं. म्हणून थेंब टाकला की मी आईला डोळा मिटायला लावते आणि नाकालगतच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरते. परवा मावशी म्हणाली, माझंही प्रेशर वाढलंय, तुझ्या आईचेच थेंब दे ना थोडे दिवस. तिला दमा आहे आणि बाटली टिमोलॉलची, मी हातच लावू दिला नाही, तिला म्हटलं आधी डॉक्टरांना दम्याचं सांग, मग ते देतील तेच टाक.