मालाडचे म्युनिककर: फ्रान्झ ऑस्टेन

म्युनिकहून २५ नंबरची ट्राम ग्रुनवाल्डकडे निघाली की वाटेत 'बव्हारियाफिल्मप्लाट्झ' हा थांबा लागतो. इथला स्टुडिओ १९१९ साली पीटर ओस्टरमायर यांनी उभा केला. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे 'अछूत कन्या'चे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन (मूळ आडनाव ओस्टरमायरच).

वडिलांचा म्युनिकात फोटो स्टुडिओ होता. फ्रान्झ फोटोग्राफीच शिकले, १९०७ मध्ये भावासोबत फिरता सिनेमा काढला, पुढे कॅमेऱ्यावरून दिग्दर्शनात आले. १९२५ मध्ये निर्माते हिमांशु राय यांच्या 'प्रेम संन्यास' या मूकपटासाठी विली कीरमायर आणि योसेफ विर्शिंग या कॅमेरामनांना घेऊन ते मुंबईत उतरले.

स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, मेकअप नाही, असं या चित्रपटाची पाटीच सांगते. हे किती अवघड होतं! त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू, लाल फेटा काळाठिक्कर आणि निळं आभाळ पांढरंफटक. ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. म्हणून अशा कामात सकाळचं आणि कलतं ऊन धरायचं, चेहऱ्यावरची सावली चंदेरी फळीने उजेड टाकून उठवायची. कॅमेरा हाताने फिरवायचा: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम. हात मंदावला की फ्रेमवर उजेड जास्त पडून चित्र फिकं होतं, शिवाय पडद्यावर माणसं पळत सुटतात. १२० मीटरचं रीळ साडेसहा मिनिटांत संपतं. जयपूरच्या महाराजांनी दिलेले हत्ती-उंट रांगेत उभे असताना हे गणित चुकलं, तर सगळी मिरवणूक पुन्हा लावा!

१९३४ पासून ऑस्टेन मालाडच्या बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीत होते. कॅमेऱ्यावर विर्शिंगच. हिंदी येत नसताना बोलपटामागून बोलपट त्यांनी केले. संवाद कानाला परके असले, तरी चेहऱ्यावरचा उजेड त्यांना बरोबर वाचता येई, असं ते चित्रपट पाहताना जाणवत राहतं. १९३६ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले, हेही सांगायलाच हवं.

१९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रजांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. वयाकडे पाहून पुढे सोडलं, आणि ते जर्मनीला परतले. १९५६ मध्ये बाड आयब्लिंगला वारले. विर्शिंग मात्र भारतातच राहिले. 'महल' चित्रपटातला अंधार त्यांच्याच कॅमेऱ्याचा.