मालवणचा स्कुआ: पोमरीन की आर्क्टिक? डबल फ्लॅश सापडला!

मालवणच्या समुद्रात फोटो काढलेला तो डार्क जुव्हेनाईल (लहान वयाचा) स्कुआ, म्हणजे दुसऱ्यांचे मासे हिसकावणारा समुद्रपक्षी, पोमरीन जातीचा की आर्क्टिक, हे कोडं अखेर सुटत आलंय!! सगळे फोटो परत मोठे करून बघत होतो, एका फ्रेममध्ये पक्षी वळताना खालचा पंख पूर्ण उघडलाय, प्रायमरीच्या (पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांच्या) बुडाशी पांढरा पट्टा आहेच, तो दोन्ही जातींना असतो, पण त्याच्या पुढं कव्हर्टच्या (प्रायमरीची बुडं झाकणाऱ्या छोट्या पिसांच्या) बुडाशी अजून एक फिकट कोर दिसतीय. डबल फ्लॅश, पोमरीनची खूण! फ्रेम जरा हललीय तरी नाद खुळा.

पण एवढ्यावर पोमरीन म्हणून बघितलेल्या पक्ष्यांच्या लिस्टला घालणार नाही, काही जुव्हेनाईल आर्क्टिकनाही ती दुसरी कोर पुसट असते. ॲडल्टचं बरं असतं, पोमरीनची शेपटीची मधली पिसं चमच्यासारखी रुंद आणि पिळलेली, आर्क्टिकची सरळ टोकदार, विषय संपला. जुव्हेनाईलची ती पिसं जेमतेम बाहेर येतात, पोमरीनची बोथट, आर्क्टिकची टोकदार, आणि आपल्या फोटोत नेमकी ती लाटेच्या फेसात मिसळलीत. आर्क्टिकच्या प्रायमरीच्या टोकांना बारीक फिकट कडा असतात, त्या इथं दिसत नाहीत, पण ब्लरमध्ये गेल्या असतील तर? चोच मात्र जाड वाटतीय, बूड फिकट आणि टोक काळं, हे पोमरीनकडं झुकतं.

साईजवर मी जात नाही. पोमरीन साधारण 700 ग्रॅम, आर्क्टिक 400-450, फरक मोठा, पण एकटा पक्षी समुद्रावर कितीही मोठा वाटतो. हा एका सुरय पक्ष्याला पळवत होता, त्यावरूनही काही ठरत नाही, दुसऱ्याचा मासा दोघंही हिसकावतात.

लिहिता लिहिता सुचलं, पंखाची बुडाशी रुंदी आणि शेपटीची लांबी मोजायची! आर्क्टिकला दोन्ही जवळपास सारखी, पोमरीनला पंख जास्त रुंद. आत्ताच स्क्रीनवर मोजलं, पंख रुंद भरतोय!! पक्षी तिरका आहे म्हणून अजून फ्रेम मोजणार.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची झूम वाढवणारी जोडभिंग) पुढच्या वेळी घरीच, हलत्या होडीत फोकस शोधण्यातच पक्षी निघून जातो. आणि आंबोलीतून वेंगुर्ल्याला उतरायचं ठरवलं होतं ते रद्द, परत गगनबावड्यातून मालवणच, ट्रॉलरमागं कुरव (सीगल) जमतात तिथं स्कुआ येतोच.

कोणाकडं कोकणातल्या जुव्हेनाईल आर्क्टिकचे खालच्या पंखाचे फोटो असतील तर प्लीज टाका, दोन्ही शेजारी ठेवून बघूया.