हुद्दा निवृत्त होत नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापायची, सैन्यदलांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची इंग्रजी नामावली संपादक मंडळाने माझ्याकडे तपासायला पाठवली. विशेषण ज्याचे असेल त्याच्याच शेजारी ते बसले पाहिजे, असे इंग्रजीचे आमचे सर नेहमी सांगत असत, आणि या नामावलीत नेमका तोच नियम जागोजागी मोडला होता. बहुतेक ठिकाणी आधी कर्नल, मग कंसात रिटायर्ड आणि शेवटी नाव असा क्रम होता. लष्करी लेखनाच्या संकेतानुसार आधी हुद्दा, मग नाव आणि त्यानंतर कंसातील रिटायर्ड हा शब्द येतो, कारण सेवेतून माणूस निवृत्त होतो, त्याचा हुद्दा नव्हे. वृत्तपत्रातील 'एक निवृत्त कर्नल म्हणाले' या वाक्यात मात्र काही वावगे नाही. तिथे तो केवळ परिचय असतो.

सन्मानपदकांची आद्याक्षरे नावानंतर आणि कंसाच्या आधी येतात. त्यांचा क्रम मिळाल्याच्या तारखेवर नव्हे, तर मानावर ठरतो. म्हणून परम विशिष्ट सेवा पदक कारकिर्दीच्या अखेरीस मिळालेले असले, तरी ते अति विशिष्ट सेवा पदकाच्या आधी लिहायचे. याच नामावलीत एका नावाआधी पद्मश्री छापले होते, ते मी काढायला सांगितले. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब बंद करताना लष्करी आणि शैक्षणिक सन्मान तेवढे वगळले आहेत, आणि पद्म पुरस्कार नावाला जोडता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे.

रिटायर्ड हा शब्द ज्यांना कधीच लागत नाही, असेही काही आहेत. १९७३ मध्ये फील्ड मार्शल झालेले माणेकशा, १९८६ मध्ये झालेले करिअप्पा आणि २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स झालेले अर्जन सिंग यांचा हुद्दा तहहयात असल्यामुळे त्यांच्या नावापुढे तो कंस लिहिणे ही चूकच ठरते.

जवानांच्या बाबतीत कार्यालयीन इंग्रजीत हुद्द्याच्या आधी 'एक्स' लावण्याची रूढी आहे. अधिकाऱ्याला नावामागून येणारा कंस आणि हवालदाराला हुद्द्याच्या आधीच 'माजी', हा भेद मला सेवेत असतानाही रुचला नाही. पण सरकारी कागदांत तो आहे. आपल्या शाळेतून गेलेल्या एका सुभेदार मेजरांना प्रजासत्ताक दिनी मानद कॅप्टन हा हुद्दा मिळाला होता. यादीत त्यांना नुसतेच 'एक्स सुभेदार' केले होते. त्यांच्या नावाआधी 'ऑनररी कॅप्टन' असे पूर्ण छापावे, असे मी प्रुफावर लाल शाईने लिहून दिले आहे.